समुद्रावर तरंगणारी पवनचक्की वादळात टिकेल की नाही, हे ती बांधण्याआधीच कसं कळतं?

परभणी जिल्ह्यातल्या राणीसावरगावहून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साधारण चारशे किलोमीटर लांब आहे. पवनचक्की मात्र या भागाला नवी नाही. बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतून जाताना माळावर फिरणारी पाती लांबूनच दिसतात. त्या प्रत्येक पवनचक्कीखाली लोखंड आणि काँक्रीटचा भलामोठा पाया असतो. जमीन हलत नाही, म्हणून पवनचक्की उभी राहते.

पण हीच पवनचक्की पायाशिवाय, थेट समुद्राच्या पाण्यावर तरंगत ठेवायची म्हटलं तर?

ही नुसती कल्पना नाही. स्कॉटलंडच्या पीटरहेड गावाजवळच्या समुद्रात २०१७ पासून 'हायविंड स्कॉटलंड' नावाचा प्रकल्प सुरू आहे. तिथे प्रत्येकी ६ मेगावॅटच्या पाच पवनचक्क्या साधारण १०० मीटर खोल पाण्यावर तरंगत वीज तयार करतात. पोर्तुगालजवळ २०२० पासून 'विंडफ्लोट अटलांटिक' चालू आहे. नॉर्वेत 'हायविंड टाम्पेन'च्या ११ तरंगत्या पवनचक्क्या समुद्रातल्या तेल प्लॅटफॉर्मना वीज पुरवतात.

एवढं अवजड यंत्र आधी पाण्यात सोडायचं आणि मग काय होतं ते पाहायचं, असं परवडत नाही. त्यामुळे ते बांधण्याआधी कॉम्प्युटरमध्ये हजारो वेळा 'बुडवून' पाहिलं जातं. यालाच सिम्युलेशन म्हणतात. हे नेमकं कसं होतं आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्याशी त्याचा काय संबंध आहे, ते समजून घेऊ.

मुळात तरंगवायची गरज काय?

समुद्रात जमिनीपेक्षा वारा जोरात आणि सलग वाहतो. पाणी उथळ असेल तर तळात लोखंडी खांब ठोकून पवनचक्की उभी करता येते. जगातल्या समुद्री पवनचक्क्यांपैकी बहुतेक अशाच आहेत. पण खोली साधारण ५० ते ६० मीटरच्या पुढे गेली की त्या खांबाचा आकार आणि खर्च दोन्ही हाताबाहेर जातात. तिथून पुढे तरंगता पाया परवडतो.

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत असलेल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्राजवळ पाण्याची खोली साधारण ७५ मीटर आहे. म्हणजे महाराष्ट्रासमोरच्या समुद्रात किनाऱ्यालगत तळात रोवलेली आणि आत खोलवर तरंगती, असा दोन्हींचा विचार करावा लागेल.

भारताने समुद्री पवनऊर्जेचं राष्ट्रीय धोरण २०१५ मध्ये जाहीर केलं. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. त्यात गुजरात आणि तामिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॅटचे प्रकल्प ठरले. पहिला भर उथळ पाण्यावर आहे. खोल पाण्याची पाळी नंतरची.

तीन प्रकारचे तरंगते पाये

पवनचक्कीचं सगळं वजन वरच्या टोकाला असतं. अशी वस्तू पाण्यात सोडली तर ती आडवी पडणारच. ती उभी ठेवण्याच्या तीन मुख्य युक्त्या आहेत.

पहिली युक्ती बाटलीची. रिकाम्या बाटलीच्या तळाशी थोडी वाळू भरून ती पाण्यात सोडली, तर कितीही ढकलली तरी पुन्हा उभी राहते. हायविंडचा पाया याच तत्त्वावर आहे. लांब, पोकळ लोखंडी नळकांडं आणि तळाशी जड वजन. याला 'स्पार' म्हणतात.

दुसरी युक्ती रुंदीची. तीन मोठी पिंपं त्रिकोणात एकमेकांना पक्की जोडली तर त्यावर माणूस उभा राहू शकतो, एका पिंपावर मात्र नाही. पोर्तुगालचा विंडफ्लोट असाच आहे. याला 'सेमी-सबमर्सिबल' म्हणतात.

तिसरी युक्ती ताणाची. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा बांधलेल्यांना हे पटकन कळेल. रिकामा डबा पाण्याखाली दाबला की तो जोरात वर यायला बघतो. त्याला तसाच दाबून ठेवून तळाशी घट्ट तारांनी बांधलं, तर तारा सतत ताणलेल्या राहतात आणि डबा वर-खाली होत नाही. याला 'टेन्शन लेग प्लॅटफॉर्म' म्हणतात.

पहिल्या दोन प्रकारांत पाया एका जागी राहावा म्हणून साखळदंड आणि नांगर लागतात. पण ते दोर ताणलेले नसतात, सैल झोळ देऊन टाकलेले असतात. खुंट्याला दाव्याने बांधलेल्या म्हशीसारखं हे गणित आहे. तिला थोडं फिरता येतं, पण फार लांब जाता येत नाही.

सहा प्रकारची हालचाल

तरंगणारी कोणतीही वस्तू एकूण सहा प्रकारे हलू शकते. पुढे-मागे सरकणं, डावी-उजवीकडे सरकणं आणि वर-खाली होणं, या तीन सरळ हालचाली. पुढे-मागे झुकणं, डावी-उजवीकडे कलणं आणि स्वतःभोवती वळणं, या तीन फिरत्या हालचाली.

पवनचक्कीसाठी यातली सर्वांत त्रासाची म्हणजे पुढे-मागे झुकणं. जगभरातले अभ्यासक सरावासाठी ५ मेगावॅटचं एक कागदावरचं नमुना यंत्र वापरतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने ते २००९ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याच्या पात्यांचा मध्य ९० मीटर उंचीवर आहे आणि पूर्ण क्षमतेला पोहोचताना वारा त्याला सुमारे ८० टन जोराने मागे ढकलतो. पाण्याच्या पातळीवर मनोरा फक्त ५ अंश झुकला, तरी ९० मीटर उंचीवरचं यंत्र जवळपास ८ मीटर सरकतं. त्या यंत्रात गिअर, जनरेटर, बेअरिंग असं सगळं फिरतं सामान असतं.

नागपंचमीचा झोका आणि लाटेची वेळ

झाडाला बांधलेल्या झोक्याची स्वतःची एक वेळ असते. त्या वेळेला धरून हलका धक्का दिला तरी झोका उंच जातो. अवेळी कितीही जोर लावला तरी तो तितका जात नाही. तरंगत्या पायाचंही तसंच आहे. एकदा ढकलून सोडला की तो ठराविक सेकंदांत एक हेलकावा पूर्ण करतो.

समुद्रातल्या जोरदार लाटा साधारण ५ ते २० सेकंदांच्या अंतराने येतात. पायाची स्वतःची वेळ याच टप्प्यात आली, तर प्रत्येक लाट झोक्याला वेळेवर दिलेल्या धक्क्यासारखी ठरेल. म्हणून अभियंते ती मुद्दाम या टप्प्याच्या बाहेर ठेवतात. वर सांगितलेल्या ५ मेगावॅटच्या यंत्रासाठी हायविंडवर बेतलेला जो नमुना स्पार आहे, तो १२० मीटर पाण्याखाली जातो आणि त्याच्या झुकण्याची वेळ सुमारे ३० सेकंद आहे. टेन्शन लेगमध्ये उलटं करतात. तारा इतक्या ताठ असतात की वर-खाली होण्याची वेळ ५ सेकंदांच्याही खाली जाते.

मग प्रश्न सुटला? नाही. इथेच समुद्र चकवा देतो.

समजा एक ढोल दर १० सेकंदांनी वाजतो आणि दुसरा दर १५ सेकंदांनी. दोघांचे ठोके एकत्र केव्हा पडतील? दर ३० सेकंदांनी. समुद्रातही १० आणि १५ सेकंदांच्या लाटा एकत्र आल्या की त्यांच्या मिलाफातून ३० सेकंदांचा एक मंद, दमदार रेटा तयार होतो. तो लाटेपेक्षा खूप दुबळा असतो, पण नेमका झोक्याच्या वेळेवर येतो. साध्या हिशोबात हा रेटा दिसतच नाही. तो धरण्यासाठी अधिक किचकट गणित लागतं.

कॉम्प्युटरमध्ये समुद्र कसा तयार करतात?

खरा समुद्र म्हणजे एकसारख्या लाटांची रांग नव्हे. मोठी, छोटी, मध्येच दोन एकत्र आलेल्या, असा तो सगळा गोंधळ असतो. हा गोंधळ आकड्यांत पकडण्यासाठी समुद्रात बोया सोडतात. तो लाटांबरोबर वर-खाली होतो आणि प्रत्येक हालचाल नोंदवतो. रत्नागिरीजवळच्या समुद्रात अशा बोयाने लाटा मोजल्या गेल्या आहेत. गोव्याच्या दोना पावला इथली राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था पश्चिम किनाऱ्यावरच्या लाटांचा अभ्यास करते.

या नोंदींतून कोणत्या वेळेच्या लाटांत किती ऊर्जा आहे याचा तक्ता बनतो. मग कॉम्प्युटर वेगवेगळ्या उंचीच्या आणि वेळेच्या शेकडो साध्या लाटा घेतो, प्रत्येकीची सुरुवात चिठ्ठ्या टाकून ठरवल्यासारखी ठरवतो आणि सगळ्यांची बेरीज करतो. जो पृष्ठभाग तयार होतो, तो खऱ्या समुद्रासारखाच अनियमित असतो. चिठ्ठ्या बदलल्या की त्याच ताकदीचा पण वेगळा समुद्र मिळतो. वाऱ्याचे झोतही अशाच पद्धतीने तयार करतात.

क्षणाक्षणाचा हिशोब

आता या कृत्रिम समुद्रात पवनचक्की ठेवली जाते. पुढचं तत्त्व शाळेतलंच आहे. वस्तुमान गुणिले त्वरण बरोबर बल. अवघड भाग असतो तो सगळी बलं मोजण्याचा.

पाणी वर ढकलतं. लाट बाजूने रेटते. हलणारा पाया स्वतःच नव्या लाटा उठवतो आणि त्यात ऊर्जा गमावतो. शिवाय पाण्याखाली हात जोरात फिरवला की तो जड वाटतो, कारण हाताबरोबर आजूबाजूचं पाणीही हलवावं लागतं. तसंच हलणाऱ्या पायासोबत पाण्याचं जादा वजन हिशोबात धरावं लागतं. नांगराच्या साखळ्या मागे ओढतात. वारा वरून ढकलतो. मनोरा आणि पाती वाकतात.

ही सगळी बलं मोजून कॉम्प्युटर ठरवतो की पुढच्या क्षणी पवनचक्की कुठे असेल. त्या नव्या जागेवर पुन्हा सगळा हिशोब. एक 'क्षण' म्हणजे सेकंदाचा साधारण शंभरावा भाग. म्हणजे एका तासाच्या वादळासाठी ३ लाख ६० हजार वेळा हा हिशोब करावा लागतो. आणि असा तास एक नसतो. वेगवेगळ्या वाऱ्याचे, वेगवेगळ्या दिशांच्या लाटांचे, यंत्र चालू असतानाचे आणि बंद असतानाचे असे हजारो प्रसंग तपासतात.

यासाठी 'ओपनफास्ट' नावाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि त्याचा कोडही खुला आहे. साध्या लॅपटॉपवर ते चालतं. मराठवाड्यातल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यालाही ते उतरवून ५ मेगावॅटची पवनचक्की समुद्रात 'उभी' करून पाहता येते.

पन्नास वर्षांतून एकदा येणारं वादळ

पवनचक्की पन्नास वर्षांतून एकदा येणाऱ्या वादळात टिकली पाहिजे, असं धरून तपासणी होते. पवनचक्कीचं आयुष्य साधारण २५ वर्षांचं असतं. मग एवढी काळजी कशाला?

कारण 'पन्नास वर्षांतून एकदा' याचा अर्थ दरवर्षी २ टक्के शक्यता. ती २५ वर्षं सलग टळण्याची शक्यता सुमारे ६० टक्केच. म्हणजे आयुष्यात कधीतरी ते वादळ गाठण्याची शक्यता जवळपास ४० टक्के. हा धोका दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

आणि फक्त मोठं वादळच धोक्याचं नसतं. दर ८ सेकंदांना एक लाट धरली तर २५ वर्षांत सुमारे १० कोटी लाटा पवनचक्कीला हलवतात. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. साखळीची कडी आणि मनोऱ्याचे जोडही तसेच थकतात. हा थकवाही सिम्युलेशनमध्येच मोजला जातो.

शहाणी पाती जेव्हा घात करतात

जमिनीवरच्या पवनचक्कीत एक हुशार यंत्रणा असते. वारा गरजेपेक्षा वाढला की ती पाती थोडी वळवते, जेणेकरून वारा निसटून जाईल आणि यंत्रावर ताण येणार नाही. माळावर हे उत्तम चालतं.

हीच यंत्रणा तरंगत्या पवनचक्कीवर जशीच्या तशी बसवली तर काय होतं? लाटेमुळे मनोरा वाऱ्याच्या दिशेने पुढे झुकतो. पात्यांना वाटतं वारा वाढला. ती वळतात आणि वारा सोडून देतात. मागे ढकलणारा जोर कमी होतो, त्यामुळे मनोरा आणखी पुढे जातो. मग तो मागे यायला लागतो. पात्यांना वाटतं वारा कमी झाला. ती पुन्हा वारा पकडतात आणि मनोरा आणखी जोरात मागे ढकलला जातो. म्हणजे झोका थांबवण्याऐवजी पातीच त्याला धक्के देत बसतात.

हा दोष सिम्युलेशन आणि टाकीतल्या चाचण्यांत आधीच दिसला. त्यावरचा एक उपाय म्हणजे पात्यांना थोडं 'सुस्त' करणं. मनोऱ्याच्या ३० सेकंदांच्या हेलकाव्यापेक्षाही त्यांची प्रतिक्रिया मंद ठेवली की त्या झोक्याला खतपाणी मिळत नाही. प्रत्यक्ष समुद्रात हे कळलं असतं तर किंमत फार मोठी पडली असती.

टाकीतली छोटी पवनचक्की

फक्त कॉम्प्युटरवर विश्वास ठेवत नाहीत. लाटा निर्माण करणाऱ्या मोठ्या टाकीत छोटं मॉडेल सोडून ताळा पाहतात. ही पद्धत विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकात जहाजांसाठी घालून दिली.

मॉडेल ५० पट लहान केलं तर १२० मीटरचा पाया २.४ मीटरचा होतो. १० मीटरची लाट २० सेंटीमीटरची होते. वजन मात्र ५० पट नव्हे, तर सव्वा लाख पट कमी होतं. ८,००० टनांचं यंत्र ६४ किलोंचं. आणि वेळ साधारण ७ पट लहान होते, त्यामुळे १० सेकंदांची लाट १.४ सेकंदांत येते.

अडचण वाऱ्याची आहे. पाण्यासाठी जुळलेलं हे प्रमाण हवेसाठी जुळत नाही. इतक्या छोट्या पात्यांवर हवा वेगळी वागते. म्हणून मॉडेलला खास आकाराची पाती लावतात, किंवा पात्यांऐवजी छोटा पंखा बसवून कॉम्प्युटरने ठरवलेला जोर देतात.

महाराष्ट्राला लाटांच्या मॉडेलचा अनुभव जुना आहे. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ मध्ये सुरू झालेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था आहे. बंदरं आणि लाटा अडवणाऱ्या बांधांची मॉडेल्स करून तिथे वर्षानुवर्षं चाचण्या होत आल्या आहेत.

सिम्युलेशन चुकतं का?

चुकतं, आणि ते तपासण्यासाठी देशोदेशीचे अभ्यासक एकत्र येतात. एकाच मॉडेलची टाकीतली चाचणी आणि अनेक सॉफ्टवेअरची उत्तरं शेजारी ठेवली जातात. अशा एका मोठ्या तुलनेत दिसलं की सॉफ्टवेअर टाकीतल्या मोजमापापेक्षा ताण सातत्याने कमी दाखवतात. चूक मुख्यतः त्या मंद रेट्याच्या, म्हणजे दोन ढोलांच्या हिशोबात होती. त्यामुळे पुढचं संशोधन त्याच जागेवर केंद्रित झालं.

ताण कमी दाखवणारी चूक धोक्याची असते, कारण साखळी किती जाड हवी हे त्याच आकड्यावर ठरतं.

नांगर सुटला तर काय होतं?

हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ अरबी समुद्रातून गेलं, तेव्हा बॉम्बे हाय परिसरात पी-३०५ ही कामगारांच्या निवासाची बार्ज नांगरलेली होती. तिच्यावर २६१ जण होते. वादळात नांगर टिकले नाहीत. बार्ज भरकटली, एका तेल प्लॅटफॉर्मवर आदळली आणि १७ मे रोजी बुडाली. नौदलाने अनेकांना वाचवलं. तरीही ही बार्ज आणि 'वरप्रदा' ही टगबोट मिळून ८० हून अधिक जणांचा जीव गेला.

बार्ज आणि पवनचक्की वेगळ्या आहेत. पवनचक्कीवर माणसं राहत नाहीत. पण साखळी, नांगर आणि लाटा यांचं गणित तेच आहे. म्हणूनच तरंगत्या पवनचक्कीची रचना करताना सगळं ठीक असतानाचा हिशोब पुरेसा मानत नाहीत. भर वादळात एक साखळी तुटली तर बाकीच्या साखळ्या भार पेलतील का, पवनचक्की शेजारच्या पवनचक्कीवर जाऊन आदळेल का, हेही तपासतात.

अरबी समुद्राची खास परीक्षा

अरबी समुद्रात वारा सर्वांत जोराचा असतो तो पावसाळ्यात. तेव्हा ढगांमुळे सौरऊर्जा कमी पडते, त्यामुळे पवनऊर्जेची खरी किंमत तेव्हाच असते. पण समुद्र सर्वांत खवळलेलाही तेव्हाच असतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र, अशी दोन्ही कारणं त्यामागे आहेत.

म्हणजे जास्तीत जास्त वीज मिळण्याच्या दिवसांत यंत्र बिघडलं, तर तिथे बोट लावून माणूस चढवणं जवळपास अशक्य. वर्षातले किती दिवस दुरुस्ती करता येईल, हेही सिम्युलेशनच सांगतं. त्या दिवसांवर विजेचा दर ठरतो.

दुसरा प्रश्न कोळी बांधवांचा. सैल साखळ्या पवनचक्कीपासून शेकडो मीटर दूरवर पसरतात. तिथे जाळं ओढता येत नाही. ताठ तारा कमी जागा घेतात, पण त्या महाग पडतात आणि त्यांच्यावरचा ताणही जास्त असतो. किती समुद्र अडेल हा मच्छीमारांच्या पोटाचा प्रश्न आहे. त्याचं उत्तरही याच गणितातून निघतं, म्हणून जागा ठरवण्याआधी ते आकडे त्यांच्यापुढे ठेवणं गरजेचं आहे.

किनाऱ्यावर तयार झालेली वीज ग्रिडमध्ये गेली की ती चारशे किलोमीटर आतल्या शेतपंपापर्यंतही पोहोचते. ती किती स्वस्त पडेल आणि किती भरवशाची असेल, याचा बराचसा निकाल पहिला नांगर पाण्यात पडण्याआधी, कॉम्प्युटरवर आणि टाकीतच लागलेला असतो. त्यासाठी लागणारी पहिली गोष्ट म्हणजे आपल्या समुद्राच्या लाटांची आणि वाऱ्याची वर्षानुवर्षांची खरी मोजमापं. स्कॉटलंडचा समुद्र वापरून कोकणची साखळी किती जाड हवी, ते ठरवता येत नाही.